वॅटराव

सोसायटीच्या पाटीवर त्यांचं नाव वेगळं आहे. पण ‘काल सिंहगडाला १८२ वॅट निघाले’ हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना आणि एकदा तर कुणाच्या तेराव्याच्या पंगतीत ऐकवलं, तेव्हापासून सगळे त्यांना वॅटरावच म्हणतात. त्यांनाही ते चालतं. फक्त आकडा आता १८६ झालाय, एवढी दुरुस्ती ते सुचवतात.

पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत एखादे वॅटराव असतातच. मोठ्या संकुलांत विंगेगणिक एक. वय पन्नाशीच्या अलीकडे, नोकरी हिंजवडीत, फ्लॅटचे हप्ते संपलेले आणि डॉक्टरांनी कधीतरी रिपोर्टवरून नजर वर करून ‘जरा हालचाल ठेवा’ म्हटलेलं. दुसरा कुणी असता तर चालायला लागला असता. वॅटरावांनी आधी हालचाल मोजायची साधनं घेतली. मनगटाला घड्याळ, छातीला पट्टा, हँडलला लावायचा कॉम्प्युटर. मग एवढं सगळं घेतलंच आहे तर म्हणून सायकल घेतली.

वॅट म्हणजे नक्की काय, हे मी एकदा त्यांच्या घरी बसून विचारलं आणि माझा चहा निवला. पेडलच्या दांडीला आतून एक बारीक पट्टी चिकटवलेली असते. पाय दाबला की दांडी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. ते वाकणं पट्टी मोजते, त्यावरून जोर कळतो, जोराला फिरण्याच्या वेगाशी गुणलं की वॅट. हे यंत्र त्यांच्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग आहे. वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारायची, सरासरीचे ९५ टक्के धरायचे. तासभर टिकेल अशी तुमची ताकद ती. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. वहिनी आतून म्हणाल्या, “आपला मिक्सर साडेसातशेचा आहे.”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि हिशोबही वहिनींच्याच बाजूचा होता. सगळा जोर लावला तर वॅटरावांवर दोन पंखे आणि एक ट्यूबलाइट चालेल. चटणी होणार नाही.

या शास्त्रात वॅटला वजनाने भागतात, कारण चढावर दर किलोमागे किती जोर आहे यालाच महत्त्व. भागाकार वाढवायचा तर वॅट वाढवा नाहीतर वजन घटवा. ८४ किलोंच्या वॅटरावांनी वजन घटवायचं ठरवलं आणि सायकलीपासून सुरुवात केली. पेडल, सीट, बाटली अडकवायची जाळी असं एकेक वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढलं. जुनी जाळी ६८ ग्रॅम भरली, कार्बनची नवी २६. बेचाळीस ग्रॅम वाचल्याच्या आनंदात त्या दिवशी घरी श्रीखंड आलं. काट्याला अजून ग्रीसचा वास येतो, असं वहिनी सांगतात.

शनिवारची रात्र चार्जिंगची. कॉम्प्युटर, घड्याळ, पुढचा दिवा, मागचा दिवा, कॅमेरा, हेडफोन आणि सायकलीचे गिअर. हो, गिअरसुद्धा, ते आता बॅटरीवर बदलतात. प्रत्येकाची पिन वेगळी. एका दिव्याला सी टाइप, दुसऱ्याला जुनी चपटी, घड्याळाला कुणाशीच न जुळणारी. घरातल्या प्रत्येक प्लगला काहीतरी लोंबत असतं, आणि मुलाचा फोन रात्रभर चार टक्क्यांवर उपाशी झोपतो. छातीच्या पट्ट्याला नाण्याएवढा सेल लागतो. तो नेमका रविवारी पहाटे संपतो, आणि मग वजनकाट्याचा सेल गायब होतो.

पहाटे पाचला पार्किंगमध्ये टूं, टीं, टक् असे आवाज सुरू होतात. सगळी उपकरणं एकमेकांना ओळख देत असतात. कॉम्प्युटरला उपग्रह सापडेपर्यंत वॅटराव जागचे हलत नाहीत. सुरुवातीचे शंभर मीटर नोंदीतून सुटले तर ते परत कोण देणार? सोबतची सायकलवाली मंडळी राजाराम पुलाशी थांबलेली असतात आणि नेमक्या त्या वेळी पडद्यावर येतं: नवीन अपडेट उपलब्ध. शहाणा माणूस ‘नंतर’ दाबेल. वॅटराव ‘आता’ दाबतात. त्यांचं म्हणणं, जुन्या अपडेटवर चालवायला मन धजत नाही.

मागून येणारी गाडी ओळखणारं एक रडार त्यांनी सीटखाली बसवलंय. दीडशे मीटरवर गाडी आली की पुढच्या पडद्यावर ठिपका उमटतो आणि एक बीप. परदेशातल्या निवांत रस्त्यांवर याचा फार उपयोग होत असणार. सिंहगड रस्त्यावर हे यंत्र राजाराम पुलाला बोलायला लागतं ते थेट खडकवासल्याला दम खातं. शिवाय ते बनवणाऱ्यांनी गाड्या मागून येतात असं गृहीत धरलेलं. धायरी फाट्याला वॅटरावांच्या नाकासमोर राँग साइडने टेम्पो आला, तेव्हा यंत्र पूर्ण शांत होतं. त्याच्या दृष्टीने रस्ता मोकळा होता.

दुसरी सोय अपघात ओळखण्याची. जोराचा धक्का बसला आणि सायकल थांबली की कॉम्प्युटर अर्धा मिनिट वाट पाहतो. तेवढ्यात तुम्ही ‘मी ठीक आहे’ म्हटलं नाहीत तर घरी संदेश जातो, नकाशासकट. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि पालिकेला न विचारता उगवलेले गतिरोधक यांची या यंत्राला कल्पना नाही. पहिला संदेश आला तेव्हा वहिनी गाऊनवर ओढणी घेऊन स्कूटरची किल्ली शोधत होत्या. आता त्या नकाशा उघडतात. ठिपका रस्त्याच्या मधोमध असेल तर फोन करतात. ठिपका मिसळीच्या हॉटेलात असेल तर उत्तर पाठवतात: ‘येताना कोथिंबीर.’

गोळेवाडीच्या नाक्यापुढे खरा चढ लागतो. एका रविवारी तिथेच गिअरची बॅटरी संपली. ही बॅटरी एकदम मरत नाही. आधी पुढचे गिअर बदलायचे थांबतात, थोड्या वेळाने मागचे. वॅटरावांचे मागचे गिअर चुकीच्या दातांवर थांबले. आता लाखाच्या वरच्या सायकलीला एकच गिअर उरला होता, आणि शेजारून एकच गिअर असलेली, दुधाच्या दोन बरण्या लटकवलेली सायकल हातात धरून एक मामा चढ चालत होते. दोघं वरच्या वळणापर्यंत बरोबरीने चालले. मामांनी विचारलं, “पंक्चर?” वॅटराव म्हणाले, “चार्जिंग.” मामांनी सायकलीला मोटर कुठे आहे ते वाकून पाहिलं.

उंचीचंही एक प्रकरण आहे. हे कॉम्प्युटर उंची हवेच्या दाबावरून काढतात; वर जावं तसा दाब घटतो. त्यासाठी पाठीला एक सूक्ष्म छिद्र असतं. पावसाळ्यात त्यात थेंब अडकला आणि १३०० मीटर उंचीचा सिंहगड चढताना वॅटराव ४० मीटर खाली गेले, अशी नोंद झाली. त्यांनी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं: उपकरण कोरडं ठेवावं. आषाढात, सिंहगडावर.

पण माणूस सुखी आहे, हे मी पाहिलेलं आहे. वर पोचल्यावर ते आधी ‘सेव्ह’ दाबतात, मग श्वास घेतात. मग पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. यंत्राने अकराशे कॅलरी जळल्याचं लिहून दिलेलं असतं आणि वॅटराव ती सरकारी पावती असल्यागत वठवून घेतात. रात्री जेवणानंतर मला वर बोलावून ते आलेख उघडतात. एरवी ऑफिसच्या आलेखांवर डुलक्या काढणारा हा माणूस इथे रेषेवर बोट ठेवून गोष्ट सांगतो: “हे बघा, इथे वारा फिरला. इथे त्या चिंचवडच्या ग्रुपला मागे टाकलं. आणि हे!” हे म्हणजे डोणज्याच्या अलीकडे आलेखातून उभा राहिलेला एक सुळका. ६४० वॅट. हृदय १७४. त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च जोर, सलग नऊ सेकंद. तिथे कुत्रं मागे लागलं होतं. पुढच्या दोन रविवारी ते त्याच ठिकाणी मुद्दाम सावकाश गेले, पण कुत्रं पारावर झोपलेलं होतं.

ही जमात आजची आहे असं समजू नये. अमेरिकेत कर्टिस वीडरने १८९५ मध्ये चाकाच्या आऱ्याला खीळ लावून मैल मोजणारं चिमुकलं यंत्र बाजारात आणलं, आणि ते धडाधड खपलं. म्हणजे आपण किती गेलो हे शेजाऱ्याला आकड्यात सांगायची हौस तेव्हाही होतीच. फक्त त्या काळच्या वॅटरावांना संध्याकाळी आकडा घेऊन स्वतः शेजाऱ्याकडे जावं लागे. आता तो न बोलावता शेजाऱ्याच्या फोनवर येतो आणि शेजाऱ्याने अंगठा दाखवला नाही तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारणा होते. २०२० च्या जुलैत अशी यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिचे सर्व्हर काही दिवस बंद पडले. जगभर लोक सायकली मारून आले आणि नोंद चढेना. त्या आठवड्यात वॅटराव घरच्या घरीच फिरत होते. सायकल काढली नाही. “कशाला उगाच?” म्हणाले.

त्यांचे वडील, अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सदाशिव पेठेतून सायकलीवर जात. पालिकेचा बिल्ला, मागे कॅरिअरला डबा, टायरला घासून चालणारा डायनामो. तो लावला की सायकल जड होई आणि उजेड फक्त आपण हलतोय तोवर. एका रात्री वॅटरावांनी नकाशावर अंतर मोजलं. जायला-यायला १४ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, ३० वर्षं. एक लाख सव्वीस हजार. पृथ्वीला तीन फेऱ्या होऊन वर उरलं. वॅटराव थरथरत अण्णांच्या खोलीत गेले.

“अण्णा, तुम्ही पृथ्वीभोवती तीन वेळा गेलात!”

अण्णांनी पेपर खाली केला. “मी कामावर जात होतो.”

“पण तीन फेऱ्या!”

“असतील. रोज जेवायला घरीच होतो.”

हे अंतर ॲपमध्ये अण्णांच्या नावाने घालता येईल का, याची वॅटरावांनी चौकशी केली. हाताने घातलेल्या नोंदीला विक्रमात जागा नसते, असं कळल्यावर ते खरोखर हळहळले. अण्णांनी शब्दकोडं पुरं केलं.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याशी त्यांचं जुनं शीतयुद्ध आहे. वॅटरावांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, परदेशी पद्धतीचा. सायकलवाल्याचा पंप त्याला बसत नाही. ते खिशातून पितळी जोडणी काढून देतात आणि डिजिटल गेज लावून ८२ आलं की ‘बास’ म्हणतात. सायकलवाला अंगठ्याने टायर दाबतो आणि ‘अजून दोन मारतो’ म्हणतो. परवा चाकाचा आऊट काढताना तो प्रत्येक आऱ्यावर टिचकी मारून कान देत होता. वॅटराव फोन काढून बसले; टिचकीच्या आवाजावरून आऱ्याचा ताण सांगणारं ॲप त्यांच्याकडे आहे. एका आऱ्यावर दोघांचं एकमत झालं आणि दोघंही थोडे नाराज झाले.

यंदा श्रावणात मात्र दुर्घटना घडली. कात्रजचा जुना बोगदा, पुढे वरंध्याच्या दिशेने लांबवर जाऊन वॅटराव भिजून परतले आणि गेटशी ‘सेव्ह’ दाबताच कॉम्प्युटर मिटला. चालू केल्यावर तो म्हणाला, फाइल वाचता येत नाही. तांदळाच्या डब्यात ठेवून झालं, मुलाकडून केबल लावून झालं. सहा तासांचा घाम कुठेच नव्हता. वॅटराव खाली गेले आणि वॉचमनकडे रजिस्टर मागितलं. त्यात निळ्या शाईत होतं: सी ३०४, सायकल, बाहेर ५.१०, आत ११.२५. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला आणि रजिस्टर छातीशी धरून दोन मिनिटं उभे राहिले.

तिथून ते वॉचमनच्या प्रेमात पडले. मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यापासून गेटपर्यंत एक छोटा चढ आहे. ॲपमध्ये तो वॅटरावांनीच नोंदवलेला आणि अर्थात विक्रमही त्यांचाच. वॉचमनच्या खुर्चीवरून तो सबंध दिसतो. त्यांनी त्याला सेकंदकाट्याचं घड्याळ भेट दिलं आणि रजिस्टरात एक रकाना आखून घेतला: ‘कोपरा ते गेट’. वॉचमन कामसू. तो एकट्या वॅटरावांची वेळ कशाला लिहील? आठवड्याभरात रकान्यात इस्त्रीवाला आला, क्लासची मुलं आली, कुरिअर आलं. धुणीभांडी करणाऱ्या मावशी आल्या की थांबून विचारतात, “माझे किती झाले?” काल मावशींनी कुरिअरवाल्याला चालत मागे टाकल्याची चर्चा बी विंगेपर्यंत पोचली.

महिन्याच्या शेवटी सेक्रेटरींनी रजिस्टर पाहिलं. चढावर पहिला नंबर दूधवाल्याचा होता, अकरा सेकंद. वॅटराव दुसरे. त्यांनी सकाळी साडेपाचला गेटवर उभं राहून प्रत्यक्ष पाहणी केली आणि त्याच दुपारी सोसायटीकडे लेखी हरकत नोंदवली. रजिस्टरात दूधवाल्याच्या प्रत्येक नोंदीपुढे आता लाल शाईत, वॅटरावांच्या सहीनिशी, लिहिलेलं आहे: ‘वाहन मोटारसायकल. विक्रम अग्राह्य.’