माउंट निवडा, चित्र बिघडवा : नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

साहित्य : कागदावरचं एक वारली चित्र, सोफ्याच्या कापडाचा तुकडा आणि घाई.

१. रंग : फ्रेमवाल्याकडे जाताना चित्र विसरलात तरी चालेल, सोफ्याचा तुकडा विसरू नका. गेरूच्या तांबूस रंगाला मोतिया माउंट खुलून दिसतो, असं तो म्हणेल. ऐकू नका. पाहुणे बसणार सोफ्यावर. मोरपंखी घ्या.

२. रुंदी : माउंट आणि लाकडी पट्टी अगदी एकाच रुंदीची हवी, म्हणजे बघायचं कशाकडे हे कुणालाच कळणार नाही. जाणकार खालची कड थोडी जास्त रुंद ठेवतात, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. घसरू द्या.

३. कापणी : खिडकी अशी बेतायची की चित्रकाराची सही बरोबर माउंटखाली जाईल. हातकागदाच्या दातेरी कडा दिसाव्यात म्हणून काही जण चित्र माउंटखाली न दडवता बोर्डावर वर उचलून बसवतात. त्यापेक्षा कडा कापलेल्या सोप्या.

४. बोर्ड : सर्वांत स्वस्त. त्यातलं आम्ल सावकाश कागदात उतरतं आणि काही वर्षांनी चित्राभोवती तपकिरी रेघ उमटते. आम्लविरहित बोर्डावर पैसे घातलेत, तर या रेघेला मुकाल.

५. चिकटवणं : चारही कडांना सेलोटेप. पावसाळ्यात कागद फुगतो. त्याला पसरायला जागा मिळाली नाही की छान लाटा येतात. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावल्या, तर कागद खाली मोकळा राहतो आणि उद्या चित्र सुखरूप काढताही येतं. पण उद्याचं कुणी पाहिलंय?

६. काच : एवढं करूनही चित्र तगलंच, तर माउंट काढून टाका आणि काच थेट चित्रावर दाबा. नेहमीच्या माउंटची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर; काच आणि रंग यांच्यामध्ये हवा राखणं हेच त्याचं खरं काम. ती हवा गेली की ओल धरते, पांढरा रंग काचेला चिकटतो आणि पुढे काच उचलली की तारपावाला तिच्याबरोबर निघून येतो.

कुणी हळहळलंच, तर उत्तर तयार ठेवा : ही चित्रं मुळात लग्नासाठी कुडाच्या भिंतीवर काढत आणि पुढच्या सारवणात ती पुसली जात. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली म्हणून काय झालं? आम्ही परंपरा सोडलेली नाही.