लघुसूत्री

वेबपानांची मांडणी करणाऱ्या व्यावसायिकांत जो एक नवा पंथ अलीकडे फोफावला आहे, त्याच्या अनुयायाला सोयीसाठी ‘लघुसूत्री’ म्हणता येईल. पान कसे दिसावे हे ब्राउझरला सांगणारी सीएसएस ही भाषा हाकोन विऊम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली; तेव्हापासून मजकूर एका फाइलीत आणि त्याचे रंगरूप दुसऱ्या फाइलीत, हे सोवळे या धंद्यात बरीच वर्षे कसोशीने पाळले गेले. मजकुराच्या टॅगमध्येच रंग नि आकार लिहून टाकणे हे पाप आणि टॅगला ‘क्लास’ म्हणजे नुसते नाव देऊन तपशील दुसरीकडे ठेवणे हे पुण्य, असा निवाडा ठरलेला होता. लघुसूत्र्याने यातून काढलेली पळवाट अशी की, तो लिहितो क्लासच, पण त्या क्लासचे नावच मुळी रंग किंवा आकार सांगणारे असते, आणि अशा रीतीने पाप पुण्याच्या खात्यावर बिनबोभाट जमा होते.

या सूत्रांची परिभाषा थोडक्यात अशी आहे. ‘पी-४’ म्हणजे चौकोनाच्या आत चारी बाजूंनी सोडलेली मोकळी जागा, आणि चार पिक्सेलांचे एक माप धरल्यामुळे ती सर्वसाधारणपणे १६ पिक्सेल भरते. ‘एमटी-२’ म्हणजे वरच्या अंगाला बाहेरून ८ पिक्सेल अंतर. आणि सूत्राच्या आधी ‘एमडी’ हे अक्षरद्वय व विसर्गासारखी दोन टिंबे लावली की ते सूत्र ७६८ पिक्सेल किंवा त्याहून रुंद पडद्यावरच लागू होते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो असे म्हणतात. लघुसूत्र्याला ‘पॅडिंग’ हा अख्खा शब्द न लिहावा लागल्याने तोच आनंद दिवसातून शेकडो वेळा होतो. या मार्गाने टॅकियॉन्ससारखी साधने आधीच गेलेली असली, तरी ॲडम वॉदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलविंड प्रसिद्ध केले ते २०१७ मध्ये, आणि लघुसूत्र्याच्या लेखी इतिहासाचा आरंभ तिथूनच होतो.

चारच्या पाढ्यात सतत वावरल्याने त्याची दृष्टीही बदलते. डिझायनरने चित्रात १५ पिक्सेल दाखवले, तर तो आधी दुखावतो आणि मग, “बारा घ्या, नाहीतर सोळा घ्या, पंधरा आमच्यात चालत नाही,” असे शांतपणे सुनावतो. चौकटी कंसात हवा तो आकडा लिहिण्याची मुभा त्याच्या शास्त्रातही आहे, परंतु तिचा लाभ तो संध्याकाळी सातनंतर, आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्यावरच घेतो.

त्याने केलेले एक साधे निळे बटण उघडून पाहिले, तर ‘इनलाइन-फ्लेक्स आयटम्स-सेंटर पीएक्स-४ पीवाय-२ राउंडेड-एमडी बीजी-ब्लू-६०० टेक्स्ट-व्हाइट होव्हर:बीजी-ब्लू-७०० डिसेबल्ड:ओपॅसिटी-५०’ अशी माळ आढळते आणि ‘जमा करा’ हे दोन शब्द तिच्या शेवटी कुठेतरी सापडतात. हे पाहून जुन्या वळणाचे सहकारी नाके मुरडतात; पण त्यांची बाजू पूर्णपणे खरी मानता येत नाही. ज्या कचेरीत पाचसहा वर्षांत पंधरावीस जणांनी एकाच शैलीफाइलीत हात घातलेला असतो, तिथे ‘रॅपर’च्या पोटात ‘इनर-रॅपर’, त्याच्या पोटात ‘इनर-रॅपर-न्यू’ आणि त्याच्याही पोटात ‘इनर-रॅपर-न्यू-फायनल’ नांदत असतो, आणि यातली एक ओळ खोडली तर कोणत्या कोपऱ्यातले कोणते पान कोसळेल हे कोणालाच ठाऊक नसल्याने कोणीच काही खोडत नाही, जो तो फक्त शेवटी नवी भर घालतो. लघुसूत्री या भीतीतून मुक्त आहे. तो जे बिघडवतो ते त्याच टॅगपुरते बिघडते, आणि नाव सुचत नाही म्हणून त्याला तासभर छताकडे पाहत बसावे लागत नाही. आखूड अक्षरांचे कौतुक तो वरवर सांगतो, त्याचे खरे सुख हे आहे.

त्याची फजिती होते ती हुशारी करायला गेल्यावर. ‘बीजी-’ला रंगाचे नाव पान चालू असताना जोडून सूत्र तयार करण्याची युक्ती प्रत्येक नवशिक्याला सुचते, परंतु टेलविंड फाइली निव्वळ मजकूर म्हणून वाचते आणि ज्यांची अख्खी नावे तिथे दिसतील तेवढ्यांचेच नियम बनवते, त्यामुळे रंग येतच नाही आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांचे बटण उरते, म्हणजे दिसायला काहीच उरत नाही.

मराठी संकेतस्थळावर मात्र त्याची अधिक कठीण परीक्षा होते. इंग्रजी मथळ्याला शोभणारे ‘ट्रॅकिंग-वाइड’ हे अक्षरांत अंतर पाडणारे सूत्र देवनागरीला लावले, की शिरोरेषेचे तुकडे पडतात. ‘अपरकेस’ लिहिले, तर काहीच होत नाही, कारण मोठी लिपी-धाकटी लिपी हा भेद आपल्याकडे नाही. ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवणारे ‘लीडिंग-नन’ आणि जादा भाग छाटणारे ‘ट्रंकेट’ ही जोडी एकत्र आली, तर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जाण्याचा धोका असतो, आणि एखाद्या पतसंस्थेच्या पानावर ‘मुदत ठेव’ची ‘मदत ठेव’ होऊ शकते. मात्रा वाचवण्याचे व्रत घेतलेल्या माणसाच्या हातून असे व्हावे, हे त्या व्रताला धरूनच म्हणायचे.

जानेवारी २०२५ मध्ये टेलविंडची चौथी आवृत्ती आली आणि तिने काही पाठ झालेली सूत्रे एकेक पायरी सरकवली: ‘राउंडेड’चे ‘राउंडेड-एसएम’ झाले आणि ‘राउंडेड-एसएम’चे ‘राउंडेड-एक्सएस’. जुन्या फाइलींतली नावे बदलून देणारे साधन सोबत मिळाले, परंतु ते बोटांवर चालत नाही. लघुसूत्री सवयीने ‘राउंडेड-एसएम’ लिहीत राहतो, दोन पिक्सेलांच्या जागी चार पिक्सेलांचे गोल कोपरे येतात, आणि पंधरासाठी हुज्जत घालणारा डिझायनर ते पाहून ‘आता बरोबर जमलं’ असा शेरा देतो.