बंदुकीवर दुर्बीण? शिव शिव!

अहो, ऐकलंत का? हजार यार्डांवरच्या नेमबाजीत आता लोक रायफलीवर चक्क दुर्बीण लावून येतात! बरं, येतात ते येतात, रायफल हातात तरी धरावी? छे! पुढे बायपॉड नाहीतर जडजूड रेस्ट, दस्त्याखाली वाळूची पिशवी आणि वर पन्नास-पंचावन्न पट मोठं दाखवणारा स्कोप. नेमबाजाचं काम काय, तर शेजारी आडवं पडून ट्रिगर दाबायचा. आणि याला म्हणे खेळ म्हणायचं! इंग्लंडात बिस्लीच्या रेंजवर यावरून जुन्या मंडळींची धुसफूस चालते आणि अमेरिकेतल्या कँप पेरीचं तर विचारूच नका.

जुनी मंडळी म्हणजे लोखंडी साइटवाले. त्यांचं सोवळं कडक. पालथं पडायचं, दंडाला स्लिंगचा पट्टा आवळायचा आणि रायफलीचा भार स्वतःच्या हाडांवर पेलायचा. मागच्या साइटला बारीक भोक, नळीच्या टोकाला एक कडी. भोकातून कडी बघायची, कडीत तो दूरचा काळा ठिपका बसवायचा आणि ठिपक्याभोवतीची उजेडाची किनार चहूबाजूंनी सारखी ठेवायची. किनार एकीकडे जाड झाली की नेम गेलाच म्हणून समजा. अमेरिकी टार्गेटवर हा ठिपका ४४ इंच रुंद असतो, पण ९१४ मीटरवरून त्याचा जीव तो केवढा! गोळीला तिथवर पोहोचायला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला दोन मीटरच्या वर ढकलून देतो. एवढ्या सगळ्यातून गोळी मधोमध घालणाऱ्यानं थोडा तोरा मिरवला, तर मिरवू द्यावा.

मग हे पाप आणलं कुणी? कॅनडातल्या जॉर्ज फार्कर्सन यांनी, १९९० च्या दशकात. त्यांच्या आडनावाच्या आद्याक्षरावरूनच या प्रकाराला ‘एफ-क्लास’ म्हणतात. हेतू अगदी सोज्वळ होता हो. वय झालेल्या नेमबाजांचे डोळे साथ देईनात, स्लिंगमध्ये कोपर टिकेना. त्यांना घरी बसवण्यापेक्षा स्कोप आणि टेकू देऊ या, एवढंच. पण म्हाताऱ्यांसाठी मांडलेल्या पाटावर तरणीताठी पोरं येऊन बसली ना! बघता बघता दोन वर्ग झाले. एफ-ओपनमध्ये रायफल दहा किलोंपर्यंत चालते. एफ-टीआरमध्ये बायपॉड आणि स्कोप धरून सव्वाआठ किलो. २००९ साली तर एफ-क्लासची जागतिक स्पर्धा थेट बिस्लीलाच भरली. पायी वारी करणाऱ्यानं मोटारीतून उतरलेल्या भाविकाकडे बघावं, तशा नजरा तिथे फिरल्या असतील!

पण एक गोष्ट ही नाकं मुरडणारी मंडळी सोयीस्करपणे गाळतात. स्कोपवाल्यांना टार्गेटही निम्मंच मिळतं. लोखंडवाल्यांचं दहा गुणांचं वर्तुळ २० इंचांचं, तर एफ-क्लासचं १० इंचांचं. म्हणजे दुर्बीण दिली आणि दुसऱ्या हातानं अर्धं ताट काढून घेतलं. शिवाय पन्नास पट मोठं दिसतं म्हणजे मृगजळही पन्नास पट मोठं दिसतं. दुपारच्या उन्हात ते टार्गेट असं खदखदतं, की नेम धरायचा कशावर हाच प्रश्न पडतो.

आता जरा सोवळ्यातल्यांच्या घरात डोकावू या. अहो, यांच्या रायफलीवर दुर्बीण नाही हे खरं, पण डोक्याशेजारी स्टँडवर काय असतं? दुर्बीणच! स्पॉटिंग स्कोप म्हणतात तिला. दोन गोळ्यांच्या मधे महाशय मान जराशी वळवून तिच्यातून मृगजळाच्या लाटा कुठे वाहताहेत ते बघतात, त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात, साइटचे दोन कट्कट् क्लिक फिरवतात आणि पुन्हा भोकाला डोळा लावून सात्त्विक चेहरा करतात. दुर्बीण रायफलीवर चढली तर पाप आणि वीतभर बाजूला उभी राहिली तर परंपरा!

आणि ती ‘साधी लोखंडी’ साइट तरी कुठे साधी? मागचं भोक लहान-मोठं करता येतं, वर रंगीत फिल्टर बसतात, पुढच्या कडीखाली रायफल तिरकी होऊ नये म्हणून स्पिरिट लेव्हल असते. कोनाच्या पाव मिनिटाएवढ्या एका क्लिकनं हजार यार्डांवर गोळी साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकते. बारीक भोकातून पाहिलं की अंधूक नजरेलाही कडी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. म्हणजे हीसुद्धा डोळ्याला दिलेली मदतच की! पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तर नळीच्या टोकाला एक भिंग आणि मागे दुसरं भिंग बसवून मोकळी गॅलिलियन साइट रणांगणावर नेली होती. मधली नळी काढून टाकली म्हणून दुर्बिणीची काही साइट होत नाही, पण सांगणार कोण?

ऑलिंपिकमध्येही हाच लटका सोवळेपणा. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतलं, ते अशाच भोकाच्या साइटवर. तिथलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. आणि नियम काय, तर नंबराचं भिंग नाकावर चालेल, रायफलीवर नाही!

इतिहास काढायचाच म्हणता? मग काढूच. इंग्लंडच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० साली विम्बल्डनला झाली. पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं झाडली. कशी? व्हिटवर्थ रायफल आधीच नेम धरून यंत्रात घट्ट आवळून ठेवली होती. राणीसाहेबांनी फक्त रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर! म्हणजे या घराण्याचा मुहूर्तच रेस्टवर झालेला, आणि वंशज विचारतात, टेकू कशाला?

दुर्बीण नव्हती तेव्हा सगळं कसं शुचिर्भूत होतं, असंही कुणी समजू नये. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड विरुद्ध अमेरिका सामना झाला. ८००, ९०० आणि १००० यार्ड, सगळा लोखंडी मामला. आयर्लंडच्या मिल्नर यांनी सुंदर बुल मारला, म्हणजे अगदी मध्य साधला, पण शेजारच्या टार्गेटवर! चार गुण गेले. शेवटी कर्नल बोडाइन यांची पाळी. जिंजर बिअरची बाटली फुटून हात कापलेला, तशाच रक्ताळल्या हातानं त्यांनी बुल घेतला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. हरलेल्या संघाचे कप्तान मेजर लीच यांनी जाताना यजमानांना चषक भेट दिला. तो लीच कप अमेरिकेत आजही लोखंडी साइटवर खेळतात, आणि तिथलाच विम्बल्डन कप त्याच हजार यार्डांवर हवी ती साइट लावून. दोन्ही चषक एकाच देशात सुखानं नांदतात. भांडतात ती माणसं.

सगळ्यांत मोठा गहजब झाला तो २०१६ साली अमेरिकेत. सैनिकी रायफलींच्या स्पर्धेत, म्हणजे ६०० यार्डांपर्यंतच्या खेळात, साडेचार पटींपर्यंतचा स्कोप लावायला परवानगी मिळाली. अरे देवा! गॅरंड आणि एम-१४ या जुन्या सैनिकी रायफलींवर वाढलेल्या पिढीला वाटलं, आता बुडाली कँप पेरी. पण सैन्यातच रायफलीवर भिंग सर्रास आलेलं, तर सैनिकी रायफलीच्या स्पर्धेनं डोळ्यांवर पट्टी बांधून कसं चालेल?

राहता राहिला वारा. त्याला भोकही कळत नाही नि भिंगही कळत नाही. स्कोप टार्गेट जवळ आणतो, वाऱ्याला लांब नेत नाही. झेंडे एकीकडे, मृगजळ दुसरीकडे अशी अवस्था झाली की लाखभराचं भिंग लावणारा आणि स्लिंगवाला दोघंही सारखेच तोंडघशी पडतात. म्हणून टार्गेट वेगळं, वर्ग वेगळा, बक्षीस वेगळं ठेवा आणि मग एकमेकांना मनसोक्त नावं ठेवा, कोण अडवतंय?

फक्त नावं ठेवणाऱ्याचं वय आधी विचारून घ्या. तिशीतला असेल तर त्याचं म्हणणं ऐकावं, तत्त्वाचं माणूस असेल बिचारं. पंचावन्नचा असेल, तर स्कोपवाल्यांची निंदा करता करता तो जुना स्कोप कितीला मिळतो याची चौकशी करतोय का, तेवढं बघा.