नेमात खाड्याचीही सोय हवी

पेणकरपाड्यातल्या माणसाने ‘उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला उठून तासभर चालणार’ असा नेम केला, की तो मोडायला आळसाची गरजच लागत नाही. नळाला पाणी उशिरा आलं, मोडला. दहिसर चेकनाक्यावर गाड्यांची रांग लागली, घरी पोचायला अकरा वाजले, मोडला. जुलैचा पाऊस तर चार-चार दिवस मोडतो. आठवड्याभरात बूट पुन्हा कपाटात जातात आणि माणूस खाली मान घालून म्हणतो, ‘माझ्यात जिद्दच नाही.’

साफ खोटं. जिद्द भरपूर होती. हिशेब कच्चा होता. उद्याचा दिवस आपल्या हातात आहे, असं त्याने गृहीत धरलं होतं. रोजचा प्रवास, पाण्याची वेळ, मुलांची आजारपणं यांतलं काहीच ज्याच्या हातात नाही, त्याने घड्याळाच्या काट्यावर शपथ घ्यावी, हा फाजील आत्मविश्वास आहे.

या आत्मविश्वासावर धंदेही चालतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. सत्तर डॉलरहून जास्त मासिक वर्गणी भरणारे लोक महिन्याला सरासरी चारच वेळा, थोडं अधिक, येत होते. म्हणजे प्रत्येक खेपेला सतरा डॉलरहून जास्त. त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास दहा डॉलर खेपेने मिळत होता! पैसे भरताना त्यांना स्वतःबद्दल पक्की खात्री होती आणि ती खात्रीच त्यांना महागात पडली. आपल्याकडची ‘वर्षाची फी एकदम भरा, सूट मिळवा’ ही पाटी त्याच खात्रीकडे डोळा लावून असते.

मग वेळ आणखी कडक पाळायची का? याचं उत्तर गूगलच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात मिळालं. एका गटाला ठरवलेल्या वेळी व्यायामाला गेलं तरच पैसे. दुसऱ्याला दिवसभरात कधीही गेलं तरी पैसे. पैसे बंद झाल्यावर दुसऱ्या गटाचा व्यायाम जास्त टिकला. कडक वेळेवाल्यांची वेळ एकदा हुकली की ते त्या दिवशी जातच नव्हते. सहाची वेळ गेली, आता सातला कशाला, उद्या बघू. हा ‘उद्या’ मी पेणकरपाड्यात इतक्या घरांत ऐकला आहे, की त्या आकड्यांचं मला जराही नवल वाटलं नाही.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. चातुर्मासाचा नेम आषाढी ते कार्तिकी, मुदतीचा. जन्मभराची शपथ नव्हे. अडचण आली तर व्रत घरातल्या दुसऱ्याकडून करवून घ्यायची सोय धर्मशास्त्रानेच ठेवली होती. इतक्या कर्मठ व्यवस्थेत खाड्याला जागा होती, आणि मोबाइलवर सलग दिवस मोजणाऱ्या आपल्याला एक रिकामा चौकोन सहन होत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८, तर कुणाला २५४. हा शेवटचा आकडा अंदाजाने काढलेला, कारण प्रयोगच तेवढा चालला नव्हता. तेव्हा २१ दिवसांचा मंत्र विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. त्याच अभ्यासात दिसलं, की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्याला फारसा धक्का बसत नाही. माणसाला बुडवतो तो खाड्यानंतरचा रुसवा.

म्हणून नेम घड्याळाला बांधू नका, रोज घडणाऱ्या कामाला बांधा. पाणी भरून झालं की चालायला निघायचं. पाणी पाचला येवो की सातला. संध्याकाळी रिक्षातून एक थांबा आधी उतरायचं आणि पुढचं अंतर पायी. पाऊस असेल त्या दिवशी इमारतीचे जिने. त्याहून वाईट दिवस असेल तर दहा सूर्यनमस्कार, आणि तेही पूर्ण हजेरीत धरायचे. हे पर्याय पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, कारण दमून घरी आल्यावर पर्याय सुचत नाहीत, फक्त सबबी सुचतात.

आणि वर्षाच्या फीची पावती फाडायला कुणी पुढे सरसावलं, तर आधी विचारा, एका महिन्याचे किती? तेवढेच भरा. तीन महिने, खाडे धरून, जाणं टिकलं तर वर्षाचं बोलू, असं त्याला तोंडावर सांगा.