वाचनाचा लातूर पॅटर्न

लातूर-नांदेडच्या क्लासपट्ट्यांत मुलांना वाचून दाखवायचं पुस्तकही निकालाचा अंदाज घेऊनच निवडलं जातं. शब्दसंग्रह वाढेल का, संस्कार होतील का, जमल्यास 'नीट'चा पाया पडेल का? गोष्ट आवडली का, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. मग बिनधोक म्हणून 'श्यामची आई' येते आणि वाचून झालं की लगेच, "सांग बरं, तात्पर्य काय?" साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं, श्रोत्यांना गुण द्यायची सोय मात्र केली नाही.

याच मुलखात श्रावणात पोथी लागायची. एकजण 'हरिविजया'ची ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, पोरं मांडीवर पेंगत ऐकायची. त्या 36 अध्यायांवर 'वयोगट 6 ते 8' असा शिक्का नव्हता. कुणी म्हणेल, ती भक्ती होती, पोरांना निम्मं कळतही नसे. खरंय. पण कृष्णाच्या खोड्या कळायला टीप लागत नव्हती, आणि मुख्य म्हणजे वाचणारा स्वतः रंगलेला असे. पुस्तक निवडायची कसोटी एवढीच पुरे: वाचताना बापाला जांभई येते का? वेळ नाही, ही सबब क्लासच्या फाटकाबाहेर स्कूटीवर बसून मोबाइल चाळणाऱ्यांनी तरी सांगू नये. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' घ्यावा. फक्त तो अभ्यासापेक्षा भानगडींतच जास्त सापडतो, तेव्हा काळजीवाहू पालकांनी आधी क्लासवाल्या सरांची परवानगी काढावी.