मृगात पेरलेला योग

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावातला नवयोगी ओळखायला त्याला आसन करताना बघावं लागत नाही. तो मॅटबद्दल बोलतो. नांदेडच्या दुकानदारानं किती सांगितली, आपण घासाघीस करून किती पाडली, जाड चांगली की पातळ, हे सगळं तो हॉटेलात बसून चहाच्या दुसऱ्या कपावर सांगत असतो. मॅट तेव्हा घरी कपाटामागं उभी असते. वरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नसतो. मॅट घरात आली म्हणजे निम्मा योग झाला, उरलेला निम्मा काय, उद्यापासून, असं त्याचं प्रामाणिक मत असतं.

वय पंचेचाळीस ते पंचावन्न. थोडी केळी, थोडा ऊस, दोन एकर हळद. पोट शर्टाच्या शेवटच्या गुंडीशी भांडत असलेलं. आणि तालुक्याच्या डॉक्टरनं शुगर ‘बॉर्डरवर’ असल्याचं सांगितलेलं. बॉर्डरवरची शुगर आणि बॉर्डरवरचा जवान, दोघांची चौकशी गावात सारख्याच काळजीनं होते, त्यामुळे हा माणूस काही दिवस प्रसिद्धीच्या झोतात असतो. ती प्रसिद्धी ओसरायला लागली की तो योगाकडं वळतो.

सुरुवातीचा मुहूर्त अर्थातच २१ जून. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून ठरवला, तेव्हा भारताच्या ठरावाला १७७ देशांनी सहप्रस्तावक म्हणून साथ दिली होती. त्या १७७ देशांपैकी एकालाही हिंगोली जिल्ह्यातल्या पेरणीची तारीख ठाऊक नव्हती, असं दिसतं. सात जूनच्या आसपास मृग लागतो. एकवीसला मृग संपून आर्द्रा लागायच्या बेतात असते. पाऊस झाला असेल तर माणूस सोयाबीनच्या पेरणीत आणि हळदीच्या लागवडीत, आणि झाला नसेल तर आभाळाकडं बघण्यात. मान वर करून आभाळाकडं बघत राहणं हे आसन मराठवाड्याचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या करत आला आहे, पण ते कुठल्या पुस्तकात नाही.

तरी नवयोगी २१ तारखेला शाळेच्या मैदानावर जातो. जरा बऱ्यापैकी अनुभवी असेल तर ‘मी तर २०१९ला नांदेडलाच होतो’ हे ऐकवतो. त्या वर्षी राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला होता आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस रामदेवबाबांबरोबर आसनं करायला आले होते. मुख्यमंत्र्यांपासून आपण किती ओळी मागं होतो, हा आकडा दर सांगण्याला थोडा थोडा कमी होतो. २२ तारखेला मात्र नवयोगी शेतात असतो, २३ला बियाण्याच्या दुकानात, आणि २४लाही मॅट कपाटामागंच.

दुसरा मुहूर्त रथसप्तमीचा. सूर्यनमस्कारांना याहून चांगला दिवस कुठला? पण तेव्हा हळद काढणीला आलेली असते. काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायची. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर तिच्यापुढं सूर्याचीही मातब्बरी राहिलेली नाही. तिसरा मुहूर्त गुढीपाडवा. तोपर्यंत ऊन एवढं तापतं की सकाळी आठलाच सूर्याला नमस्कार करण्याऐवजी हात जोडावेसे वाटतात.

शिवाय लाईट. शेतीपंपाची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हा माणूस ब्राह्ममुहूर्तावर जागाच असतो, पण केळीच्या बागेत, हातात बॅटरी घेऊन, फुटलेल्या पाइपाला चिंध्या गुंडाळत. पाचला येऊन आडवा पडतो. त्याला कुणी प्राणायामाचं नाव काढू नये.

पारावर यावर नेमका एक आक्षेप येतो. “शेतकऱ्याला कशाला योगा? आपण दिवसभर वाकूनच असताव.” आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धं. शेतातलं वाकणं सगळं पुढं असतं. पाठ मागं वळवायची वेळ दिवसात येतच नाही, आणि भुजंगासन नेमकं तेवढंच करतं. दुसरं असं, की शेतात वाकतात त्या खुरपणाऱ्या बाया. आपला नवयोगी गेली दहा वर्षं धुऱ्यावर उभा राहून ‘तिकडं तण राहिलं’ म्हणून बोट दाखवतो. बोटाचा व्यायाम त्याला भरपूर आहे.

एखाद्या हिवाळ्यात मात्र तो खरंच सुरू करतो. मोबाईलवर व्हिडिओ लावतो, मोबाईल तांब्याला टेकवतो आणि ओसरीवर सतरंजी पसरतो. पद्मासनात जातो. जाणं सोपं असतं. बाहेर यायला बायकोला चुलीवरची भाकरी सोडून यावं लागतं. “अहो, आधी उजवा पाय हलवा. तो नव्हं, दुसरा उजवा.”

सूर्यनमस्काराची गोष्ट कुणीतरी सांगतं, की औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांतही ते सुरू केले. नवयोग्याची छाती फुगते. आपल्या औंढ्याचा राजा! ते औंध साताऱ्याकडचं आणि आपलं औंढा नागनाथ वेगळं, हे समजेपर्यंत त्याचे चार नमस्कार घालून झालेले असतात. तेवढा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. बी. के. एस. अय्यंगारांचंही तसंच. १९३७ साली पुण्यात येऊन शिकवायला लागलेल्या या माणसानं दोर, खुर्च्या, घोंगड्या, लाकडी विटा वापरून ताठ अंगाच्या लोकांनाही आसनं जमवून दिली, हे कळल्यावर नवयोगी बांधकामातून उरलेली खरीच वीट आणतो. तिच्यावर हात टेकून त्रिकोणासन चांगलं जमतं. नंतर वीट दाराला अडसर म्हणून लागते आणि त्रिकोणासन बंद पडतं.

खरी परीक्षा शवासनाची. शहरात फ्लॅटचं दार लावून मेल्यासारखं पडून राहता येतं. डोंगरकड्यात ओसरीला दार नसतं. सकाळी साडेसहाला घरचा कर्ता माणूस हातपाय पसरून, डोळे मिटून, निपचित पडलेला दिसला की दूधवाला थांबतो. मागून शाळेची पोरं थांबतात. म्हातारी आई काठी टेकत येते आणि विचारते, “कामून रे असा पडलायस?” शवासनात बोलायचं नसतं, म्हणून तो बोलत नाही. मग कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरायला आणतं. भ्रामरीचं तर विचारूच नका; पहिल्याच दिवशी शेजारच्या वासरानं उत्तर दिलं म्हणतात. तिसऱ्या दिवशी गावानं त्याचं ‘बाबा रामदेव’ असं बारसं उरकलेलं असतं आणि पाचव्या दिवशी तो ओसरीऐवजी आतल्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये, दार ओढून कपालभाती करत असतो.

पतंजलींनी योगाच्या मार्गातले नऊ अडथळे मोजले आहेत. त्यांत आजारपण आहे, शंका आहे, पाचवा आळस आहे. शेजारी नाही. यावरून पतंजली गावात राहत नसावेत, एवढा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

आपल्या माणसाचा विश्वास एकवीस दिवसांवर असतो. एकवीस दिवस केलं की सवय लागते, असं त्याला व्हॉट्सॲपवर आलेलं असतं. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे, आणि त्यानं सांगितलं होतं ते एवढंच, की बदललेल्या चेहऱ्याची पेशंटला सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस जातात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला लावली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. व्यायाम अंगवळणी पडायला पाणी पिण्यासारख्या साध्या गोष्टींहून जास्त वेळ लागला. पण एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. नवयोग्याचं सगळं घोडं इथंच अडतं. एक दिवस चुकला की त्याच्या मते खंड पडला, अनुष्ठान मोडलं, आता पुढचा मुहूर्त बघायचा. पुढचा मुहूर्त २१ जूनचा.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट त्याच्या बायकोनं वाचलेली नाही, तरी अमलात आणली. त्या ९६ जणांनी नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या कामाला बांधली होती, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाआधी, अशी. हिनं ती चहाला बांधली. “झाल्याशिवाय कप मिळणार न्हाई,” एवढंच म्हणाली आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. डॉक्टरनं साखर कमी करायला सांगितलेलीच होती. उपाशीपोटी आसनं करावीत, हा नियमही आपोआप पाळला गेला. हॉटेलात जाऊन पिता आला असता, पण हॉटेल सातला उघडतं, आणि चहाची तलफ पहाटे साडेपाचला येते.

यावर नवयोग्यानं दोन दिवस तोंड पाडलं. तिसऱ्या दिवशी ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, सहा सूर्यनमस्कार आणि पोत्यांमधलं चोरटं शवासन, असं पंधरा मिनिटांत उरकून तो चुलीपुढं हजर झाला. रात्रपाळीच्या लाईटीच्या आठवड्यात झोपून उठल्यावर, म्हणजे नऊला. हळद शिजवायच्या दिवसांत नुसतेच सहा नमस्कार. एका तेराव्याला बाहेरगावी गेला तेव्हा काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून न मोजता तसंच पुढं.

पाडवा येऊन गेला तरी हे चालू आहे. पारावर तो आता योगाबद्दल बोलत नाही, हे विशेष. आसनं जुन्या सतरंजीवर होतात. मॅटवरचा प्लास्टिकचा कागद शेवटी निघाला. सध्या ती गच्चीवर आहे आणि तिच्यावर कुरडया वाळत घातल्या आहेत.