ओळख दाखवायची नाही

ज्या गावात वैशाखातली यात्रा नदीच्या पात्रात भरते, त्या गावच्या माणसाला जहाज निवडायला लावणं हा सरळसरळ अन्याय आहे. आमच्या अमळनेरला बोरी नदी आहे. वर्षातले काही दिवस तिच्यात पाणी असतं, उरलेले दिवस जागा असते. सखाराम महाराजांच्या यात्रेला त्या जागेत पाळणे लागतात, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकानं लागतात. शिवाय तालुक्यात तापीवर पाडळसे धरण आहे. ते आमच्या पोरांच्या जन्माआधीपासून बांधून होतंय. एवढ्या जलसंपत्तीच्या जोरावर आम्ही अलास्काची क्रूझ निवडायला बसलो.

हे खूळ पोरांच्या मामाचं. तो सिएटलला असतो. "दाजी," तो फोनवर म्हणाला, "पोरं मोठी होताहेत. आणखी दोन वर्षांनी तुमच्याबरोबर फिरायला यायची नाहीत. आत्ताच काय ते करून घ्या." पोरं आत्ताही माझ्याबरोबर दूध आणायला येत नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही. सासरकडे थोडी झाकली मूठ ठेवावी लागते.

खर्चाचं म्हणाल तर अमळनेरात घराण्यांचे दोन प्रकार आहेत. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली. तिचे शेअर घेऊन ठेवलेली ती एक घराणी आणि घेऊन विकलेली ती दुसरी. दुसरी संख्येनं जास्त, आणि बोलायलाही तीच पुढे. आमच्या आजोबांनी बरेचसे शेअर विकून म्हैस घेतली आणि थोडे विकायचे विसरले. ते विसरलेले आज आईच्या नावावर आहेत. बोनसवर बोनस मिळून त्यांचं जे काही झालंय, त्यामुळे घरातला कुठलाही ठराव आईच्या सहीशिवाय मंजूर होत नाही. तिने माहितीपत्रकातला फोटो चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाली, "इतला पैसा दीसन बरफ दखाले जाई राहिनात?"

बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. त्या उन्हात तो प्रश्न पडायला नको होता, पण पडला.

मी पेशाने मास्तर, त्यामुळे आधी अभ्यास केला. अलास्काला जाणारी बहुतेक जहाजं सिएटलहून किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटतात. व्हँकुव्हरहून गेलं तर बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून जाता येतं. सिएटलहून निघालेलं जहाज बऱ्याचदा बाहेरून, खुल्या समुद्रातून जातं, आणि तिथे पोटातलं वर येऊ शकतं. सिएटलहून जा नाहीतर व्हँकुव्हरहून, व्हिसा अमेरिकेचाही लागतो आणि कॅनडाचाही. कारण १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांमधून प्रवासी फिरवायला तो बंदी करतो, आणि क्रूझची जहाजं तर जवळपास सगळीच परदेशी नोंदणीची. म्हणून सिएटलहून सुटलेलं जहाज सिएटललाच परत येण्याआधी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला नाक लावून येतं. अमळनेरहून सुटलेली एसटी अमळनेरलाच परत यायची असेल, तर तिने वाटेत एकदा गुजरातेत चाक टेकवून यावं, तसा हा प्रकार. "म्हणजे सरकारी काम तिकडेही असंच आहे," बायको म्हणाली. अमेरिकेबद्दल तिला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

मग जहाजाचा आकार. मला छोटं जहाज हवं होतं. साठ-सत्तर प्रवासी, अरुंद खाड्यांत शिरणारं, कयाक घेऊन पाण्यावर सोडणारं. मोठी जहाजं जिथे फिरकू शकत नाहीत, तिथलं खरं रान बघायचं. थोरल्या ओंकारने माझा मुद्दा शांतपणे ऐकून घेतला. दहावीची परीक्षा दिल्यापासून तो सगळंच शांतपणे ऐकून घेतो, आणि ते जास्त घाबरवणारं असतं. "पप्पा, साठ लोकांच्या जहाजावर सगळे तुमच्याच वयाचे असतात," तो म्हणाला, "आणि नेट नसतं." त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात चार हजार प्रवाशांचं एक जहाज होतं आणि त्याच्या गच्चीवर गो-कार्टिंगचा ट्रॅक. हिमनदीच्या देशात, समुद्राच्या मधोमध, विसाव्या मजल्यावर मोटार चालवायला माणूस का जाईल, हे मला कळेना. जुई म्हणाली, "दादा, त्यात टीन क्लब आहे का बघ. तेरा ते सतरा. मोठ्यांना आत सोडत नाहीत." दोघा भावंडांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो.

छोट्या जहाजाचं भाडं मोठ्याच्या कितीतरी पट निघालं. निसर्गाच्या जितकं जवळ जावं तितकं महाग पडतं, हे आमच्या पिढीला उशिरा कळलं. म्हैस विकून पुन्हा शेअर घ्यायची सोय नसल्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

केबिनवरून दोन दिवस अबोला झाला. चौघांची एकच केबिन घेतली तर दोघं खाली झोपतात आणि दोघांसाठी छताकडून बर्थ उतरतात. आमच्या रेल्वेच्या डब्यात यापेक्षा मोकळं असतं, निदान उतरायला स्टेशन तरी येतं. दोन केबिन घ्याव्या तर कागदोपत्री प्रत्येकीत एक मोठं माणूस लागतं. काही कंपन्या पोरांना शेजारची केबिन देतात. बाल्कनी हवी की नुसती खिडकी, की बिनखिडकीची आतली खोली, यावर बायकोचं म्हणणं असं की खिडकीतून शेवटी पाणीच दिसणार. खानदेशातल्या बाईने पाण्याला 'पाणीच' म्हणावं, याचं मला वाईट वाटलं.

तारखांचा तिढा वेगळाच. तिकडचा हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. सामन मासे नद्यांत चढतात जुलैपासून, आणि त्यांच्यामागे अस्वलं. तोवर इकडे शाळा सुरू होऊन पहिली चाचणी आलेली असते. मे महिना तिकडे त्यातल्या त्यात कोरडा आणि स्वस्त, पण ओंकारचा अकरावीचा क्लास एप्रिलमध्येच सुरू होतो. क्लासच्या सरांनी सुट्टीचं कारण विचारलं. मी "हिमनदी" म्हणालो. ते म्हणाले, "भूगोलाला वेटेज नाही."

माहितीपत्रकात केचिकन नावाच्या गावाबद्दल धोक्याची सूचना होती : इथे वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो, तयारीने या. ज्या तालुक्यात पंचवीस इंच पडला की पेढे वाटावेत, तिथल्या माणसाला ही भीती! मी तर म्हटलं, हिमनदी राहू द्या, केचिकनला उतरून नुसतं भिजू.

ग्लेशियर बे मात्र मला हवंच होतं. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात, त्यामुळे जहाज निवडताना आधी ते पाहावं लागतं. १७९४ साली कप्तान व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिलं, तेव्हा ती खाडी नव्हतीच. तोंडापर्यंत बर्फ होता. आज तो बर्फ शंभरेक किलोमीटर मागे हटलाय. हे मी जेवताना मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आईने विचारलं, तुम्ही पोहोचेपर्यंत उरेल ना.

तिची खरी कळी खुलली ती स्कॅग्वेला. हजार-बाराशे वस्तीचं गाव, आणि तिथून डोंगरात चढणारी, १९०० साली पूर्ण झालेली तीन फुटी नॅरोगेज गाडी. आईचं माहेर शेंदुर्णी. पाचोरा-जामनेरची अडीच फुटी 'पीजे' तिच्या दारावरून जायची. २०२० साली ती थांबली. स्कॅग्वेच्या गाडीचं तिकीट किती डॉलर आहे ते ऐकून ती म्हणाली, "आमनी पीजे काय वाईट व्हती?" मग त्या गाडीचा व्हिडिओ तिने दोनदा लावायला सांगितला.

स्कॅग्वेने आणखी एक घोळ केला. १८९७-९८ मध्ये सोनं शोधायला निघालेले हजारो लोक तिथून खिंड चढून कॅनडात जायचे, तर कॅनडाचे पोलीस वर्षभराचं खाणं सोबत असल्याशिवाय पुढे सोडत नसत. बाकीचं सामान धरून माणशी टनभर ओझं व्हायचं. बायकोने हे वाचलं आणि तिला आपल्या आयुष्याला ऐतिहासिक आधार सापडला. बिबडे, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला, तिखट शेव अशी यादी तयार झाली. जहाजावर किटली, शेगडी, इस्त्री काहीच चालत नाही, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग कळण्याचं पीठ मी बघत बसू का?"

एवढी चर्चा होऊनही एक गोष्ट माझ्या ध्यानात येत नव्हती. पोरांना हिमनदी नको, देवमासा नको, ("रील्समध्ये दिसतो, पप्पा,") आणि गो-कार्टिंगचंही ओंकार दुसऱ्या दिवशी विसरला. तरी चार हजारांच्या जहाजावरून दोघं हलायला तयार नव्हते. उलगडा झाला तो शेवपुरीमुळे. ओंकार दगडी दरवाज्यापाशी मित्राच्या गाडीवर बसून शेवपुरी खात होता. सोबत वर्गातली एक मुलगी उभी होती, तीही शेवपुरीच खात होती. तो घरी पोहोचायच्या आत फोन येऊन गेले होते : एक औषधाच्या दुकानातून, एक माझ्या सहकाऱ्याचा आणि एक पैलाडहून, जिथून दगडी दरवाजा दिसतसुद्धा नाही. "सर, तुमचा ओंकार ना तो?" प्रत्येकाने काळजीनेच विचारलं.

शहाण्णव हजारांचं गाव आमचं, पण त्यातल्या कुणालाही तुम्ही 'कोणाचे' आहात हे सांगावं लागत नाही. इथे पोराला नाव नसतं, वडील असतात. अलास्कातलं रान पाहायला आम्ही चाललो होतो. पोरांना रान हवंच होतं, पण ते माणसांचं. चार हजार अनोळखी माणसांत दिवसभर फिरावं आणि कुणीही "हा अमक्याचा ना?" म्हणू नये, यापेक्षा घनदाट जंगल सोळाव्या वर्षी दुसरं कुठलं? जुईने तर अटच घातली, "जहाजावर समोरासमोर आलो तर ओळख दाखवायची नाही."

मी आईकडे पाहिलं. सही तिची होती. तिने एकच विचारलं, "जहाजवरथून पोरे कोठे जातीन?"

"कुठेच नाही," मी म्हणालो, "चहूकडे पाणी."

"मंग बरं शे," ती म्हणाली आणि चेकबुक काढलं. पोरं मोकळी आणि आई-बाप निर्धास्त, अशी दुसरी जागा निदान जळगाव जिल्ह्यात तरी नाही, हे तिने माझ्याआधी ओळखलं.

मेअखेरचं, व्हँकुव्हरहून सुटणारं, ग्लेशियर बेचा परवाना असलेलं, चार हजारांचं जहाज ठरलं. खरं सांगायचं तर मलाही त्या गर्दीची ओढ लागली होती. आठवडाभर कुणी 'सर' म्हणून थांबवणार नाही, बारावीच्या टक्क्यांचं विचारणार नाही. तेवढ्यात मामाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "दाजी, तुमचं नशीबच! त्याच जहाजावर इकडच्या मराठी मंडळींचा मोठा ग्रुप आहे. त्यात अमळनेरचे दोघं आहेत. एक तर तुमचाच विद्यार्थी. ओंकारवर लक्ष ठेवतो म्हणाला."

फोन स्पीकरवर होता. जुईने दादाकडे पाहिलं. ओंकार काही बोलला नाही, फक्त मोबाइल काढून खाली मान घालून शोधू लागला. मग माझ्याजवळ येऊन बसला, हेही अलीकडे घडत नाही.

"पप्पा, तुम्ही म्हणत होता ना, छोटं जहाज, साठ माणसांचं," तो म्हणाला, "निसर्ग तिथूनच नीट दिसतो." आणि आजीकडे वळून त्याने विचारलं, "आजी, आज शेअरचा भाव काय आहे?"